पार्ट्स ऑफ स्पीच पाठ आहेत, पण वाक्यात ओळखता येत नाहीत. काय करू?

आठही नावं घडाघडा म्हणता येतात, व्याख्या तोंडपाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की नाउन कुठलं नि अ‍ॅडजेक्टिव्ह कुठलं कळत नाही, किती दिवसांत जमेल, असं विचारलंय तुम्ही. दिवसांचं नंतर बघू. तुमच्या डोक्यात काही खोट नाही, त्या व्याख्याच कुचकामी आहेत. "क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद" या एका ओळीपायी आठवीत माझा एक मार्क गेला आणि सख्ख्या भावाशी जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

चाचणी होती. वाक्य होतं "वी वेंट फॉर अ लाँग वॉक आफ्टर द रेन", वॉकखाली रेघ, शब्दाची जात ओळखा. मी नाउन लिहिलं. पेपर परत आला तर त्यावर लाल फुली, तीही इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर उमटलेली. मी पेपर घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, वॉक म्हणजे काय? म्हटलं चालणे. चालणे ही क्रिया आहे की नाही? आहे. मग? सगळा वर्ग हसला. तिथे गप्प बसायला हवं होतं पण मी म्हटलं, सर, मग हे लाँग काय आहे, ते विशेषण असेल तर क्रियापदाला कसं लागलं? त्यावर सरांनी मला उरलेला तास वर्गाबाहेर उभं केलं. लाँगचं उत्तर काही दिलं नाही.

पण खरी जखम घरी झाली. दादा तेव्हा कॉलेजात होता, इंग्रजीत घरातला शेवटचा शब्द त्याचा. त्याने पेपर हातात घेतला, फुली बघितली, वाक्य वाचलंच नाही, आणि म्हणाला सर बरोबर आहेत, वॉक व्हर्ब असतो, व्याख्या बघ. बस. मी रडले वगैरे नाही, पण त्या दिवसापासून "व्याख्या बघ" म्हणणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

आता व्याख्याच बघू. अ‍ॅक्शन म्हणजे क्रिया, बरोबर? मग अ‍ॅक्शन हा शब्द स्वतः कोण आहे? नाउन. "शी इज टॉल" मध्ये कोण कसली क्रिया करतंय? कुणीच नाही, तरी इज व्हर्ब आहेच. आणि सरांचं ते "चालणे" घ्या. "चालणं तब्येतीला चांगलं", "त्याच्या चालण्यात ऐट आहे", त्याला सरळ प्रत्यय लागतोय, म्हणजे आपल्याच व्याकरणात ते धातुसाधित नाम आहे! सरांनी मला खोडून काढायला जो शब्द वापरला तोच नाम निघाला. हे मला सुचलं वीसेक वर्षांनी, तेव्हा सुचलं असतं तर बाहेर उभं राहण्याचं चीज तरी झालं असतं.

गंमत म्हणजे ज्याच्यापासून ही आठची यादी आली असं मानतात तो ग्रीक डायोनिसियस थ्रॅक्ससुद्धा अर्थावर विसंबला नव्हता. त्याच्या नावावरच्या व्याकरणात नामाची पहिली खूण ही की त्याला विभक्ती लागते, क्रियापदाची खूण ही की विभक्ती लागत नाही पण काळ, पुरुष, वचन चालतं. वस्तू नि क्रिया हे नंतर. आपण शाळेत नेमका खूण सांगणारा भाग गाळला आणि शेपूट तेवढं पाठ केलं. आणि ते आठ म्हणजे आपले आठ नव्हेतच, त्यात आर्टिकल होतं, अ‍ॅडजेक्टिव्ह वेगळं नव्हतं, ते नामातच धरलेलं. लॅटिनमध्ये आर्टिकल नसतं म्हणून रोमन लोकांनी ते काढलं नि इंटरजेक्शन घातलं. 1795 मध्ये लिंडली मरेने इंग्रजीच्या व्याकरणात नऊ मोजले, आर्टिकल वेगळं धरून. आज अ, द, माय, दिस हे सगळे डिटर्मिनर म्हणून वेगळ्या गटात घालतात. म्हणजे आठ की नऊ यावर भांडत बसू नका, मोजणारा कोण त्यावर आहे ते.

तर ओळखायचं कसं. शब्दाकडे एकट्याने बघायचंच नाही, शेजारी बघायचे. अ, द, माय पुढे उभे आहेत आणि मध्ये लाँगसारखं विशेषण बसलंय, तर ज्यावर हा घोळका येऊन थांबतो ते नाउन. तोच वॉक "दे वॉक टू स्कूल" मध्ये व्हर्ब, कारण काल घडलं म्हटलं की त्याचं वॉक्ड होतं. आधीच्या वाक्यात वॉक्ड करून बघा, होत नाही. काळ बदला आणि कुठला शब्द हलतो ते बघा, तो व्हर्ब. मला याहून चांगली युक्ती अजून सापडलेली नाही.

मराठीत शब्दाच्या अंगावरच बरंचसं लिहिलेलं असतं, इंग्रजीने ती शेपटं बरीच टाकून दिली, म्हणून जागेवरून ओळखावं लागतं. फास्टचंच बघा, "अ फास्ट ट्रेन" मध्ये विशेषण, "ही रन्स फास्ट" मध्ये क्रियाविशेषण, दिसायला एकच. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाच्या शेवटी एक जादा स्वर होता, तो झिजून गेला आणि आपल्याला त्रास झाला. एलवाय दिसलं की अ‍ॅडव्हर्ब हेही डोळे मिटून धरू नका, फ्रेंडली नि लव्हली विशेषणं आहेत.

प्रीपोझिशन आणि अ‍ॅडव्हर्बमध्ये गोंधळ होत असेल तर आपलं "पुढे" आठवा. "घरापुढे" म्हटलं की शब्दयोगी, नुसतं "पुढे जा" म्हटलं की क्रियाविशेषण. "इन द रूम" आणि "कम इन" तसंच. फरक एवढाच की आपलं नामाच्या मागून येऊन चिकटतं आणि त्यांचं आधी येऊन सुटं राहतं. इंटरजेक्शनवर वेळ घालवू नका, ओह नि अलास कुणाचेही चुकत नाहीत.

हे सगळं आत्ता वर आलं कारण दादाची मुलगी सहावीत आहे आणि दादा तिला शिकवतोय. कसं? वहीत रकाने पाडून! एका रकान्यात पंचवीस नाउन, दुसऱ्यात पंचवीस व्हर्ब, पाठ कर. परवा पोरीचा फोन, आत्या, रन कुठल्या रकान्यात लिहू? म्हटलं बाबांना विचार. विचारलं होतं, ते म्हणाले व्हर्बच्या. मागे टीव्हीवर मॅच चालू होती आणि हा माणूस ओरडत होता, अजून बारा रन हवेत! बारा काय हवेत? क्रियापदं? तुम्ही असले रकाने पाडले असतील तर वही आजच मिटा. रोज पाच वाक्यं घ्या, कुठलीही, आणि प्रत्येक शब्दाला तू इथे काय करतोयस असं विचारा. महिनाभर केलंत तर हात बसेल, निदान माझा तेवढ्यात बसला होता.

आता एक राहिलं, मी शिक्षिका नाही, भाषांतराची कामं करते. परीक्षा देत असाल तर पुस्तकात माय अ‍ॅडजेक्टिव्ह दिलं असेल तर निमूट तेच लिहा, मार्क घ्या, बाहेर उभं राहू नका. आणि व्याख्या अगदीच टाकाऊ आहेत असंही नाही, टेबल, मांजर, धावली इथपर्यंत चालतात, मी रागात जरा जास्तच बोलले असेन.

दादा हे वाचणार, मीच लिंक पाठवणार आहे. दादा, ते लाँग काय होतं तेवढं सांग.