ऑटोकॅडच्या ब्लॉकमध्ये ठरावीकच मापं कशी ठेवायची?

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवाज्याचा ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचं तयार चित्र) ७५०, ९०० आणि १००० मिमी एवढ्याच रुंदीत बदलायला हवा असेल, तर लिनिअर पॅरामीटरला (दोन बिंदूंमधलं बदलता येणारं अंतर) मापांची लिस्ट द्या. बीएडिट कमांडने ब्लॉक उघडा, रुंदीवर लिनिअर पॅरामीटर लावा आणि त्याला स्ट्रेच ॲक्शन, म्हणजे माप बदललं की रेघा ताणणारी क्रिया, जोडा (ॲक्शन नसेल तर ग्रिप, म्हणजे ब्लॉकवरचा ओढायचा बिंदू, ओढूनही रेघा हलत नाहीत). मग प्रॉपर्टीजमध्ये व्हॅल्यू सेटखालचं डिस्ट टाइप 'लिस्ट' करा आणि खालच्या तीन टिंबांवर क्लिक करून मापं भरा.

गडबड होते ती इथे: ब्लॉक मुळात ज्या मापाला काढलाय, ते माप ऑटोकॅड आपणहून यादीत घालतं. अंदाजाने ७८० ला काढलात तर ७८० कायम डोकावणार; म्हणून आधीच ९०० ला काढा. नंतर कोणी प्रॉपर्टीजमध्ये ८६० टाकलं, तरी ते जवळच्या ९०० वरच जाईल. ग्रिप ओढण्याऐवजी क्लिकवर यादी उघडायला हवी असेल, तर लुकअप पॅरामीटरही (यादीतून माप निवडू देणारा) जोडावा लागेल. आणि हो, ब्लॉक एक्सप्लोड केला, म्हणजे फोडून सुटा केला, की नुसत्या रेघा उरतात, मग कुठलंच बंधन नाही.