मुलं शाळेत, आता बाबांचं कॉलेज

प्रश्न: मी अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे, वय ४३, दोन मुलं, शिक्षण बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. आता डिग्री करायची म्हणतोय, पण या वयात पैशाची मदत मिळेल का?

उत्तर: वयाचं टेन्शन सोडा हो, पेल ग्रँटला, म्हणजे अमेरिकन सरकार कॉलेजसाठी देतं त्या मदतीला, वयाची अटच नाहीये आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही ती मिळते, फक्त आधीची बॅचलर डिग्री नको आणि उत्पन्न नियमात बसायला हवं, त्यात घरात माणसं किती हेही धरतात म्हणजे मुलं असणं उलट फायद्याचंच. २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परतफेड नाही. त्यासाठी फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा फॉर्म, भरा, फुकट असतो. गंमत म्हणजे त्यात दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतात, मधे नोकरी गेली असली तरी कागदावर तुम्ही कमावतेच दिसता! अशा वेळी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात पुरावे देऊन फेरविचार मागायचा, बरेच जण इथेच गप्प बसतात. कॅम्पसवर पाळणाघर आहे का तेही विचारून घ्या. कम्युनिटी कॉलेजपासून (जवळचं, दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) सुरुवात केलेली बरी, फी कमी. कर्ज सगळ्यात शेवटी, आणि घेतलंच तर आधी सरकारी.