बरू तोच, धुरा तोच, मग यंदाच ढोरं कशी पडली?

राम राम भाऊ-बहिणींनो. पावसानं दडी मारली आणि मग एकदम दोन-चार सरी आल्या की दरवर्षी याच टायमाला धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, बरू नावाचं रानगवत खाऊन ढोरं पडल्याचे आणि असे इतर प्रश्न फोनवर सारखे येतात, यंदाही आले, म्हणून एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांना इथंच सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भावानं लिहिलंय, "साहेब, नाल्याकाठच्या धुऱ्यावर बरू आहे, आमची ढोरं वर्षानुवर्षं तिथंच चरतात, कधी काही झालं नाही. परवा गाय आन दोन बकऱ्या सोडल्या, अर्ध्या घंट्यात गाय थरथरून पडली, तोंडाला फेस, एक बकरी जाग्यावरच गेली. बाजूच्या वावरवाल्यानं त्याच आठवड्यात फवारा मारला होता, त्यानंच काहीतरी टाकलं असं घरचे म्हणतात. काय करू?"

भाऊ, गाय कशी आहे ते आधी कळवा. आणि हात जोडून सांगतो, शेजाऱ्याच्या दारात जायच्या आधी हे पूर्ण वाचा, कारण अशा संशयातून चांगली घरं एकमेकांची तोंडं बघेनाशी झालेली मी पाहिलीत. शेजाऱ्यानं काही केलंच नाही असं मी इथं बसून छातीठोक सांगू शकत नाही, ते पोस्टमार्टेमच सांगेल, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते बरूच्या विषाचंच जास्त वाटतं.

बरू म्हणजे ज्वारीचा रानटी भाऊच. दोघांच्याही हिरव्या पाल्यात धुरीन नावाचा पदार्थ असतो. तो एका जागी आणि त्याला फोडणारा घटक दुसऱ्या जागी, दोन्ही वेगवेगळे असतात तोवर काही होत नाही, पण पान चावलं, तुडवलं, सुकून मान टाकली की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड तयार होतं. पानात चुना आणि कात वेगवेगळे पांढरे-भुरे, एकत्र आले की लाल, तसंच समजा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हे काम आणखी जोरात होतं, म्हणून गाय, बैल, म्हैस, बकरी यांना धोका जास्त.

आता तुमचा खरा प्रश्न, की दरवर्षी चरतात मग आताच का. कारण हे विष वर्षभर सारखं नसतं. कोवळ्या कोंबात आणि नवीन फुटव्यात सगळ्यात जास्त, पानात धांड्यापेक्षा जास्त, आणि जसजसा बरू वाढून फुलावर येतो तसतसं ते उतरत जातं. पण मधे पावसाचा खंड पडला की वाढ खुंटते आणि झाड ते विष धरून ठेवतं. मग पाऊस येतो, कोमेजलेल्या बरूच्या बुडातून हिरवेगार लुसलुशीत फुटवे निघतात, ढोरं आधी त्याच्यावरच तुटून पडतात, आणि सगळ्यात घातकही तेच असतात. तुमच्या धुऱ्यावर नेमकं हेच झालं असणार. त्यात वावरातला युरिया वाहून धुऱ्यावर आला असेल तर आणखी भर, नत्र जास्त मिळालं की हे विष वाढतं. आणि तणनाशकाचा फवारा उडून बरू पिवळा पडला, सुकला असेल तरी त्यात सायनाइड सुटतं, म्हणजे शेजाऱ्याच्या मनात काही नसतानाही धोका वाढू शकतो. फवारलेल्या धुऱ्यावर ढोरं न्यायचीच नाहीत.

मग चारायचं कधी? बरू दीड-दोन फुटाच्या वर गेल्याशिवाय त्यात जनावर सोडू नका, आणि खंडानंतर फुटलेला असेल तर जुनी धांडी कितीही उंच असली तरी खाली नवीन फुटवे आहेत का ते वाकून बघा. उंच झाला म्हणून फसतात लोक. कापून घालायचा तर फुलावर यायला लागला की कापा, बी धरायच्या आत, नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण वावरात बरूच बरू. कापला की उन्हात पसरून कडकडीत वाळवा, वाळताना बरंचसं सायनाइड उडून जातं, पण अर्धवट कोमेजलेला, ओला-सुका भारा गव्हाणीत टाकू नका, तो ताज्यापेक्षाही वाईट. चाऱ्याच्या ज्वारीचं, कडवळाचं पण हेच, निम्मं पीक फुलोऱ्यावर आलं की मगच कापणी. पक्क्या ज्वारीच्या वाळल्या कडब्याला घाबरायचं कारण नाही. दिवाळीच्या आसपास ज्वारी कापल्यावर धसकटाला जे फुटवे येतात आणि आपण "चरू द्या आता" म्हणून ढोरं मोकळी सोडतो, तिथं मात्र पुन्हा तोच धोका.

आणखी एक, उपाशी ढोर बरूवर कधीच नेऊ नका. सकाळी आधी कुटार, कडबा काहीतरी पोटात जाऊ द्या, मग सोडा. भुकेलं जनावर भराभर ओढतं आणि सायनाइड अंगावर येतं ते एकदम येतं, शरीराला ते निकामी करायला वेळच मिळत नाही.

जनावर पडलंच तर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन लावा, जवळच्या दवाखान्यात पण लावा, आणि बाकीची ढोरं लगेच पण न पळवता तिथून काढा. फोनवर बोलताना एक गोष्ट करा, जनावराचा ओठ उचलून उजेडात हिरड्या बघा. लालभडक असतील तर ते सायनाइड असू शकतं, डॉक्टरला तसं सांगा, चॉकलेटी-भुऱ्या दिसत असतील तर ते नायट्रेटचं विष असू शकतं, तेही याच खंडाच्या दिवसात होतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे, सायनाइडवरचं इंजेक्शन नायट्रेटच्या विषाला दिलं तर जनावर मरू शकतं. म्हणून मेडिकलवरून इंजेक्शन आणून घरच्या घरी टोचायचं नाही. सायनाइड असेल तर डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, वेळेत दिलं तर पडलेलं जनावर उठून उभं राहतं, पण वेळ फार कमी असतो, कधी एक घंटा पण नाही. कानाला चीर देणं, डाग देणं, पडलेल्या ढोराच्या घशात तेल-ताक ओतणं यात तो वेळ घालवू नका, ओतलेलं फुफ्फुसात गेलं तर त्यानंच जीव जाईल.

मेलेल्या बकरीचं पोस्टमार्टेम करून घ्या, त्याआधी पुरू नका. पोटातल्या चाऱ्याचा नमुना डॉक्टरकडून घट्ट झाकणाच्या बाटलीत बर्फावर लवकर पाठवायला सांगा, कारण सायनाइड उडून जातं आणि मग रिपोर्टमध्ये काही दिसत नाही आणि शेजाऱ्यावरचा संशय तसाच राहतो.

दुसरा प्रश्न एका ताईंचा, तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी आता निबर झाली, कडवट लागते, लेकरांना द्यावी का. नका देऊ ताई. पहिल्या पावसातला कोवळा तरोटा खुशाल खा, पिवळी फुलं आली की भाजी बंद, नाहीतर पोटं बिघडतात. आणि तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा ओळखून ठेवा, त्याची पानं टोकदार, चुरगाळली की घाण वास, शेंग चपटी. तरोट्याचं पान टोकाला गोल आणि शेंग बारीक लांब. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरता सरता लहान लेकरं अचानक दगावायची, आधी मेंदूचा ताप समजले, मग २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा संबंध कासविंद्याच्या बियांशी दाखवून दिला. शेंगा धरायचा आणि लेकरं आजारी पडायचा मोसम एकच होता. घराभोवतीचा, अंगणवाडीजवळचा कासविंदा शेंगा धरायच्या आत उपटून टाका.

तिसरा प्रश्न बेशरमचा, कुंपणाला लावलीय, बकऱ्या उन्हाळ्यात खातात, चालते का. नाही चालत. एका दिवसात काही दिसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसतं, बकरीला तिची चटक लागते आणि आठवड्यांमागून आठवडे खाऊन मागचे पाय लटपटतात, मान हलते, मग ती सुधरत नाही. बकऱ्या असतील तर कुंपणाची बेशरम आताच काढा, जमीन ओली आहे तोवर मुळासकट निघते.