नवा ट्रॅक्टर आवाक्याबाहेर, जुन्याचाही भाव चढलेला: घ्यायचं तरी काय?

तुम्ही विचारलंय की काही वर्षांपूर्वी नव्याला जेवढे पडायचे तेवढे आज जुन्याला मागतात. मग भाव उतरेपर्यंत थांबावं, कर्ज काढून नवा घ्यावा की जुनाच बघावा? माझं मत सरळ आहे. जुना घ्या, पण थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू केल्याशिवाय विसार देऊ नका. आमच्या घरात याच गोष्टीवरून वाद पेटला होता आणि तो अजून धुमसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाव का चढले ते. २०२१ मध्ये पोलाद महागलं, चिप मिळेनात, जहाजाच्या कंटेनरचं भाडं कुठच्या कुठे गेलं. पोलाद पुढे उतरलं, ट्रॅक्टर मात्र उतरला नाही, कारण तोवर यंत्रच बदललं होतं. धुराचे नियम कडक झाले: अमेरिकेत टिअर-४, युरोपात २०१९ पासून स्टेज-५, भारतात ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४. हे नियम पाळायला जुन्या पद्धतीचा डिझेल पंप पुरत नाही. डिझेल जास्त दाबाने मोजून सोडणारं कॉमन रेल येतं, सेन्सर येतात, ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक येतो, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसतो, मोठ्या इंजिनांना तर युरियाचं द्रावणही लागतं. हा खर्च किमतीत कायमचा मुरला. २०२२ पासून व्याजदर चढले ते वेगळंच. त्यामुळे नव्याचा भाव पूर्वीसारखा होईल म्हणून थांबणार असाल तर थांबू नका.

जुना का महागला? नव्यासाठी नंबर लावून वाट बघायची वेळ आली तेव्हा माणसं जुन्याकडे वळली, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गावातल्या मेस्त्रीला उघडता येईल असं यंत्र लोकांना हवंय. अमेरिकेत ही टंचाई सुरू व्हायच्या आधीच, २०२० च्या सुमारास, १९८० च्या आसपासचे कमी चाललेले ट्रॅक्टर लिलावात चढाओढीने जाऊ लागले होते. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून कंपन्यांना शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची साधनं आणि माहिती शेतकऱ्याला देणं भाग पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवरूनच जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीवर खटला भरला. बिघाडाचा एक कोड पुसायला लॅपटॉपवाल्या माणसाची वाट बघत ऐन पेरणीत यंत्र उभं राहतं, हे ज्याने सोसलंय तो साध्या यंत्राला दोन पैसे जास्त मोजणारच.

आता आमचं. दादाचं म्हणणं होतं नवाच घ्यायचा, हप्ते फेडू. मी म्हणालो, नाकापेक्षा मोती जड होईल. आपला ट्रॅक्टर वर्षातून चालणार किती तास, आणि हप्ता तर बारा महिने चालणार. शेवटी तो जुन्याला तयार झाला, पण एका अटीवर: दिसायला चांगला हवा. तसाच एक सापडला. लखलखीत रंग, नवी सीट, टायर काळे कुळकुळीत, अवर मीटरवर तास अगदी कमी. दादाने बघताक्षणी खिशात हात घातला.

मी क्लचच्या पेडलकडे बघत होतो. त्याच्या रबराखालचं लोखंड पायाने घासून आरशासारखं झालेलं. स्टिअरिंगची पकड गुळगुळीत. मागे वाकून पीटीओच्या, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या शाफ्टवर बोट फिरवलं तर दाते एका बाजूने खाल्लेले. एवढ्या कमी तासांत हे होत नाही. मग बॉनेटखाली हात घातला, तर ब्लॉक गरम. आम्ही पोचायच्या आधीच तो चालवून ठेवला होता. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं, त्यावरून काही कळत नाही. मी म्हणालो, आता हात लावू नका, संध्याकाळपर्यंत थांबतो. विकणाऱ्याचा चेहरा पडला आणि दादाचा त्याहून जास्त. चारचौघांत आपण संशय घेतोय याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी सेल्फ मारला. बराच वेळ नुसता फिरला, मग पकडलं, आणि निळा धूर निघाला तो थांबेचना. ऑइलचं झाकण काढलं तर आतून धापा टाकल्यासारखी वाफ येत होती. रिंगा आणि लायनर संपलेले, इंजिन बांधायला आलेलं. मी सौदा मोडला. दादा परतताना एक शब्द बोलला नाही, घरी आल्यावर म्हणाला, तुझ्या चिकित्सेपायी हंगाम जाणार.

हंगाम गेला नाही. पुढे जो घेतला त्याचा रंग उडालेला, मडगार्ड चेपलेलं, पण थंडीत पहाटे पहिल्या फटक्यात सुरू झाला. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद केलं, तर नांगर होता तिथेच राहिला, खाली बसला नाही. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक हलवलं, बुश थोडे ढिले होते, तेवढ्यावर भाव तोडून घेतला. तोच आजही चालतोय. दादा अजून म्हणतो, तुझं नशीब. यात नशिबाचा काही संबंध नाही. ब्लॉकवर हात ठेवायला नशीब लागत नाही.

आणि तुम्हालाही घरचं कोणी सांगत असेल की जुनं म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणं, तर त्यांना विचारा की हप्त्याची कटकट कोणाची? मॉडेल कोणत्या सालचं हे बघून भाव ठरवणं चूक आहे. दहा वर्षं शेडमध्ये उभा असलेला आणि दोन वर्षं रात्रंदिवस भाड्याने फिरलेला, यांतला पहिलाच मी घेईन. एचपीचा मोठा आकडाही इंजिनाचा असतो. अवजाराला मिळते ती पीटीओची ताकद, ती कमी भरते, ती विचारा. कंपनीच्या सांगण्यावर जायचं नाही म्हणून तर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून ट्रॅक्टरची स्वतंत्र चाचणी सुरू केली. वर्षातून एकदाच लागणारं मळणी यंत्र किंवा हार्वेस्टर मात्र नवा नको, जुनाही नको. भाड्याने आणा.

काही गोष्टी माझ्या मताच्या विरुद्ध जातात, त्याही सांगायला हव्यात. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक ढिले असतात आणि कित्येकांना चालकाच्या डोक्यावर संरक्षक सांगाडा नसतो. ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली सापडतो. सांगाडा आणि पट्टा बसवता येत नसेल तर तो घेऊच नका, फुकट मिळाला तरी. दिवसाचे दहा-बारा तास, वर्षभर भाड्याने चालवणार असाल तर नवाच परवडेल, तिथे दादाचं गणित बरोबर आहे. नवी इंजिनं काळा धूर कमी टाकतात हेही खरं, आणि तो धूर दिवसभर चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. शिवाय जुन्याचे भाव चढतच राहतात असं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत धान्याचे भाव पडले, डीलरकडे जुनी यंत्रं साचली आणि मोठ्या यंत्रांच्या किमती खाली आल्या. त्यामुळे जुन्यासाठी घाई नसेल तर लोक विकायला काढतात तेव्हा, म्हणजे हंगाम संपल्यावर, बघायला निघा.

इंजिन आणि चासीचे नंबर चिंधीने पुसून स्वतः वाचा, कागदाशी ताडून बघा, आणि आधीचं कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. तुम्ही शेत किती, जमीन भारी की हलकी आणि अवजार कोणतं लावणार हे काहीच लिहिलं नाहीत. ते कळवलंत तर किती एचपी पुरेल ते सांगता येईल.