एमआर अँजिओ सांगितली आहे: स्टेंट, किडनी आणि रिपोर्टमधला ‘ब्लॉक’

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगर आहे, हृदयात स्टेंट आहे, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.६. परवा सकाळी त्यांचा उजवा हात थोडा वेळ लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं. न्यूरोलॉजिस्टनी मेंदूचा एमआरआय आणि त्यासोबत मेंदू व मानेची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, लिहून दिली. सेंटरने वेळ दिली ती पुढच्या आठवड्यातली. आता घरात चर्चा चालू आहे: पुन्हा मांडीतून तार घालणार का, स्टेंट असताना चुंबकात जाता येतं का, किडनीचं काय, आणि एवढं बरं वाटतंय तर आठवडाभर थांबायला काय हरकत आहे.

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. थांबू नका. मी डॉक्टर नाही, ठाण्यात आणि नंतर वाशीला एमआरआय टेक्निशियन म्हणून माझी नोकरी झाली. पण हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. अशा आपोआप बऱ्या झालेल्या झटक्याला टीआयए म्हणतात, लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. त्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. न्यूरोलॉजिस्टना आजच फोन करा आणि ‘आम्हाला पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. बऱ्याचदा त्यांना हे माहीतच नसतं. ते दुसरं सेंटर सुचवतील, दाखल करून घेतील किंवा तोवर मानेची डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी), सीटी अँजिओ (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांची तपासणी) करून घेतील. आणि मधल्या काळात तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं कळेना, तर कुठलीही अपॉइंटमेंट न बघता थेट इमर्जन्सीत जा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

आणखी एक. अँजिओग्राफी म्हटल्यावर काही घरांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आदल्या दिवशी आपल्या आपण बंद करतात. या तपासणीसाठी त्या बंद करायच्या नसतात. बीपीच्या गोळ्याही नेहमीसारख्याच घ्यायच्या.

आता तार. हृदयाच्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी आत नेतात, एमआर अँजिओत तसं काही नाही. पेशंट बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडून राहतो, एवढंच. एक्स-रेही नसतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी बहुतेक वेळा इंजेक्शनचीही गरज पडत नाही. हे कसं जमतं ते थोडं समजून घ्या, कारण रिपोर्ट हातात आल्यावर त्याचाच उपयोग होईल.

मशीन शरीराच्या एका जाड कापावर पुन्हा पुन्हा रेडिओ लहरी टाकतं. त्या कापातला जागच्या जागी असलेला मांसल भाग या माऱ्याने थकतो आणि उत्तर देईनासा होतो, म्हणून काळा दिसतो. हृदयाकडून येणाऱ्या ताज्या रक्ताला मात्र या लहरी अजून लागलेल्या नसतात, म्हणून ते जोरात उत्तर देतं आणि पांढरंशुभ्र दिसतं. या पद्धतीला टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात. म्हणजे फिल्मवर तुम्ही जे बघता ती रक्तवाहिनीची भिंत नसते, ते वाहणारं रक्त असतं. जिथे रक्त फार हळू वाहतं किंवा वळणावर घुसळतं, तिथे ते उजळत नाही आणि वाहिनी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. कधी तर मध्येच तुटल्यासारखी दिसते. मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी वाहिनी, कॅरोटिड, जिथे दोन शाखांत फुटते तिथे हे हमखास होतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘सिग्नल लॉस’, ‘फ्लो गॅप’ असे शब्द वाचून सासूबाईंची नस बंद झाली असा निष्कर्ष काढू नका. मानेत खरोखर जास्त अरुंदपणा दिसला, तर डॉक्टर डॉपलरने, सीटी अँजिओने किंवा इंजेक्शन देऊन केलेल्या एमआर अँजिओने ताडून बघतात. ताडून बघणं महत्त्वाचं आहे, कारण लक्षणं असलेल्या पेशंटमध्ये ७० टक्क्यांच्या पुढचा अरुंदपणा असेल तर ऑपरेशनचा विचार होतो आणि ५० असेल तर हिशेब बदलतो. मशीन मात्र अरुंदपणा बऱ्याचदा वाढवूनच दाखवतं.

किडनीकडे येते. मानेच्या वाहिन्या, विशेषतः त्या छातीतून जिथे निघतात तो भाग, नीट दिसायला कधी कधी गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात. सीटीला दिलं जाणारं आयोडिनचं औषध वेगळं, हे वेगळं. गॅडोलिनियमची भीती आली ती २००६ च्या सुमारास. किडनी जवळजवळ निकामी झालेल्या काही पेशंटची त्वचा आणि सांधे हे औषध दिल्यानंतर लाकडासारखे कडक होत गेले. एनएसएफ हे त्या आजाराचं नाव. तो मुख्यतः जुन्या, रेणूची रचना सैल असलेल्या औषधांमुळे झाला. आता सर्रास वापरतात ती गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारखी औषधं गॅडोलिनियमला पिंजऱ्यात कोंडल्यासारखं घट्ट धरून ठेवतात आणि त्यांच्यात हा धोका फार म्हणजे फारच कमी आहे.

नुसतं क्रिएटिनिन बघून काही ठरवू नका. ‘ईजीएफआर किती?’ असं विचारा. किडनी किती काम करते त्याचा हा आकडा क्रिएटिनिन आणि वय वगैरे धरून काढतात. १.६ क्रिएटिनिन आणि ६४ वर्षांची बाई म्हटल्यावर तो साधारण ३५ च्या आसपास येतो. ३० च्या खाली गेला किंवा डायलिसिस चालू असलं तर काळजी बरीच वाढते. डायलिसिसच्या पेशंटला शक्यतो डायलिसिसच्या अगदी आधी स्कॅनची वेळ देतात. सासूबाईंच्या बाबतीत तुम्ही रिसेप्शनवर एवढंच म्हणा: क्रिएटिनिन १.६ आहे, रिपोर्ट सोबत आणलाय, इंजेक्शन द्यायचंच असेल तर आधी रेडिओलॉजिस्टशी बोलायचंय. बिनइंजेक्शनची तपासणी पुरेशी असेल तर ते तसंच करतील. ताजा, म्हणजे झटक्यानंतरचा रिपोर्ट हवा. सहा महिन्यांपूर्वीचा चालत नाही, शुगरच्या पेशंटमध्ये तर नाहीच. मेटफॉर्मिन बंद ठेवायची सूचना तुम्ही कुठे ऐकली असेल, तर ती बहुधा सीटीच्या आयोडिनच्या औषधासाठी असते.

स्टेंटची काळजी सोडा. हृदयात बसवतात ते हल्लीचे स्टेंट चुंबकाने हलत नाहीत आणि ते बसवल्यावर ठरावीक आठवडे थांबावं लागतं ही समजूतही जुनी झाली. तरी डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड न्या, म्हणजे आमच्यासारख्यांचा फोनाफोनीत वेळ जात नाही. स्टेंट मानेच्या वाहिनीत असेल तर गोष्ट वेगळी: तिथे पेशंटला धोका नसतो, पण धातूमुळे तेवढा भाग काळा पडतो आणि आतून वाहिनी उघडी असूनही बंद दिसते. अशांना सीटी अँजिओ बरी. खरी अडचण असते ती पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याला लावलेली जुनी क्लिप आणि शरीराला चिकटवलेले इन्सुलिन पंप यांची. पेसमेकर आता एमआरआयला चालणारेही मिळतात, पण ते मॉडेल नंबरवरून ठरतं, पेशंटच्या सांगण्यावरून नाही. दंडावर शुगरचा सेन्सर चिकटवलेला असेल तर तोही आधी सांगा.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. आपल्याकडे वागळे इस्टेट आहे, रबाळे-महापेचा कारखान्यांचा पट्टा आहे. लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगला आयुष्य घालवलेली माणसं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहतात. डोळ्यात कधी लोखंडाची कीस उडाली होती का, हे आम्ही फॉर्मवर विचारतो आणि घरचे घाईत ‘नाही’वर टिक करतात. ‘एकदा गेली होती, कंपनीच्या डॉक्टरने काढली’ हे तीनदा खोदून विचारल्यावर बाहेर येतं. बुबुळात राहिलेला बारीक तुकडा चुंबकात सरकला तर डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात, दहा मिनिटांचं काम. वडील, सासरे, नवरा, कोणाचीही एमआरआय असो, हा प्रश्न घरीच शांतपणे विचारून घ्या.

बायकांच्या बाबतीत आमचा सगळा वेळ पिनांत जायचा. गाऊन घालून बाई बाहेर आली की विचारायचं, ‘काकू, अंगावर काही धातूचं?’ त्या म्हणायच्या, ‘नाही गं, सगळं काढलं.’ आणि हातातला डिटेक्टर वाजायचा. बघितलं तर बांगडीत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना, अंबाड्यात आकडे, दंडावर काळ्या दोऱ्यात पितळी ताईत. सेफ्टी पीन लोखंडाची असते, ती सुटून सरळ तोंडाच्या दिशेने जाऊ शकते, म्हणून आम्ही एवढ्या मागे लागतो. जरीची साडी, धातूच्या धाग्याचे कपडे, अंगावर चिकटवलेली औषधाची चांदीसारखी चकाकणारी पट्टी ही तापून भाजू शकते. कंबरेचा मॅग्नेटचा पट्टा, तांब्याचं कडं, कवळी, कानाचं मशीन सगळं बाहेर. मानेचीच तपासणी असल्यामुळे मंगळसूत्र तर काढावंच लागतं. पुष्कळ सासूबाई तिथेच अडून बसतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि मी कोणालाही त्यावरून कधी बोलले नाही. घरून निघतानाच हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात घालून द्या आणि दागिने घरीच ठेवा. जोडवी निघतच नसतील तर टेक्निशियनला सांगा, ते बघून ठरवतील.

नातेवाइकांनो, तुम्हीही. चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन सुरू नसतानाही. आतल्या तारा द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या असतात आणि साध्या दीड टेस्लाच्या मशीनचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट असतो. २०१४ मध्ये आपल्याच खारघरला एका कर्करोग संस्थेत ऑक्सिजनचा सिलिंडर मशीनने ओढून घेतला आणि दोन कर्मचारी त्यात कित्येक तास अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटसोबत आलेला एक तरुण असाच सिलिंडर हातात घेऊन आत गेला आणि जिवाला मुकला. आत नेऊ नका म्हटलेली व्हीलचेअर, स्ट्रेचर, मोबाइल, किल्ल्या यांवर वाद घालू नका. आणि कोणी स्टाफपैकी ‘जा हो घेऊन’ म्हणालं तरी सिलिंडर घेऊन जाऊ नका.

आत गेल्यावर काय होतं? डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, कानात बोळे किंवा हेडफोन देतात, कारण ठकठक-घरघर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. हातात एक रबरी फुगा असतो, तो दाबला की आम्हाला घंटा ऐकू येते. मेंदू आणि मान मिळून साधारण अर्धा ते पाऊण तास. घाबरणाऱ्यांना मी सांगायचे की डोळे मिटूनच आत जा, मध्ये उघडू नका, आणि मनात स्तोत्र म्हणा. फार घाबरत असतील तर झोपेचं औषध देता येतं, पण ते आधी ठरवावं लागतं, उपाशी राहावं लागतं आणि शुगरच्या पेशंटला उपाशी ठेवायचं तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या. फोटो हलला तर वाहिनी दुहेरी दिसते आणि सगळं परत करावं लागतं. खोकला असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल तर लाजू नका, आधीच सांगा. गिळणं आणि मान हलवणं ही मानेच्या फोटोची दोन मोठी शत्रू आहेत. आवाज चालू असताना आवंढा न गिळता, आवाज थांबला की गिळायचा, हे सासूबाईंना आदल्या रात्रीच समजावून ठेवा.

रिपोर्टमध्ये अनेकदा ‘हायपोप्लास्टिक व्हर्टिब्रल’, ‘फीटल पीसीए’ असं काही लिहिलेलं असतं आणि घरभर रडारड होते. हे रक्तवाहिन्यांच्या रचनेतले जन्मापासूनचे फरक आहेत. मेंदूच्या तळाशी वाहिन्यांचं जे कडं असतं ते पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. मानेच्या मागून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल वाहिन्यांपैकी एक बारीक असणं तर नेहमीचंच. लहानसा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, योगायोगाने दिसला तर तेही फार दुर्मीळ नाही, शंभर प्रौढांत सुमारे तिघांना असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. आकार आणि जागा बघून डॉक्टर ठरवतात, लगेच ऑपरेशन असं नसतं.

निघताना फिल्म घ्याच, पण सीडी किंवा लिंकही मागा. फिल्मवर दिसतं ते गोल फिरवलेलं, सगळे काप एकावर एक चढवून केलेलं चित्र, दिसायला सुंदर पण बारीक गोष्टी त्यात लपतात. दुसऱ्या डॉक्टरला मत द्यायचं असेल तर त्याला मूळ काप लागतात, आणि ते सीडीत किंवा लिंकवरच असतात. सासूबाईंचे आधीचे काही स्कॅन असतील तर तेही पिशवीत घाला. तपासणीच्या कागदावर ‘उजवा हात लुळा, बोलणं अडखळलं, अर्ध्या तासात बरं’ एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते; नुसतं ‘चक्कर’ असं लिहून आलेल्या कागदावर रेडिओलॉजिस्टला डावी बाजू जास्त बारकाईने बघायची हे कळणार कसं?