फेरसचं ऑक्सिडेशन झालं, पण अहवालात का दिसत नाही?

ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन सोडलेल्या फेरसच्या (ऑक्सिडेशन न झालेल्या लोहाच्या; झालं की ते फेरिक) द्रावणावर अतिनील दिवा लावला, पाणी पिवळं पडून गढूळ झालं, तरी प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो फेरस जवळपास होतं तेवढंच. तुमची ही तक्रार वाचली आणि राहवलं नाही, कारण याच गोष्टीने माझं बरंच काम वाया घालवलंय. तुलनेसाठी अंधारात ठेवलेली जोडबाटली, सामूची (pH) नोंद वगैरे तुम्ही करतच असाल.

दिव्यावर संशय घेण्याआधी तपासणी कुठे आणि कशी होते ते बघा. मी ज्यांच्याकडे नमुने द्यायचो (नाव लिहीत नाही), तिथे आम्ल घातलेल्या नमुन्यात फिनँथ्रोलीन (फेरसला रंग आणणारं रसायन) टाकून काचेच्या नळ्या खिडकीपाशी ठेवून देत, आणि सवड झाली की मोजत. फेरसचा नारिंगी रंग ५१० नॅनोमीटरला मोजतात, ते ठीक. पण त्या मिश्रणातलं फेरिकसुद्धा उजेडात हळूहळू फेरस होतं आणि त्याच रंगात मिसळतं. दिव्याने जे ऑक्सिडेशन केलं, ते खिडकीतल्या उजेडाने उलटं फिरवलं! विचारलं की एकच उत्तर, ‘आमची पद्धत प्रमाणित आहे.’ अहो, त्याच प्रमाणित पद्धतीत लिहिलंय की ५ ते १० मिनिटांत मोजा आणि उन्हात ठेवू नका. ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही, आणि हेलपाटे मात्र मला.

त्यामुळे माझं ठाम मत: फेरस दिव्याशेजारीच, स्वतः मोजा. नळ्यांना फॉइल गुंडाळा. बाहेर पाठवायचंच तर फक्त एकूण लोहासाठी पाठवा.

बफर (सामू स्थिर ठेवणारं रसायन) म्हणून सायट्रेट अजिबात नको. फेरिक सायट्रेट उजेडात पटकन फेरस होतं. २५४ नॅनोमीटरचा दिवा असेल तर भांडं क्वार्ट्झचंच हवं, साधी बोरोसिलिकेट काच तो प्रकाश अडवते. सामू ७ च्या आसपास असेल तर नायट्रोजनमधला किंचित ऑक्सिजनही घात करतो. त्या पट्ट्यात सामू १ ने वाढला की ऑक्सिजनने होणारं ऑक्सिडेशन साधारण १०० पट वेगवान होतं, मग श्रेय प्रकाशाला द्यायचं कसं?

माझा अनुभव साध्या, पातळ द्रावणांचा आहे. समुद्राच्या पाण्याबद्दल माझा शब्द धरू नका. आणि आकडे जुळले तरी लगेच प्राचीन पट्टेदार लोहखडकांपर्यंत उडी मारू नका. ते खडक अतिनील प्रकाशाने झालेल्या ऑक्सिडेशनमधून बनले असावेत, ही शक्यता १९८३ मध्ये ब्रॅटरमन आणि सहकाऱ्यांनी मांडली होती खरी, पण २००७ मध्ये कोनहाउझर आणि सहकाऱ्यांनी सिलिका आणि बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात प्रयोग केले, तेव्हा प्रकाशाचा वाटा नगण्य निघाला. तुमच्या द्रावणात या दोन्ही गोष्टी आहेत का, ते कळवा.