शिलाईच्या शंका: वाकळीवर तिरक्या चौकटी मारताना

प्रश्न: ताई, आईच्या जुन्या सुती साड्यांची नातवासाठी वाकळ करतेय, 4 फूट बाय 5 फूट, चार पदरी. घरच्या मशीनवर दोन-दोन इंचांवर तिरक्या रेघा मारल्या. एका बाजूच्या छान आल्या, पण उलट्या बाजूने आडव्या गेले तर प्रत्येक छेदाजवळ चुणी पडतेय आणि चौकोनांच्या जागी शंकरपाळ्या दिसतायत. उसवू का सगळं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: सगळं उसवू नका, आधी मोजून बघा. मला वाटतं तुम्ही पहिली रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आखलीत. वाकळ चौरस असती तर ते बरोबर होतं, पण तुमची 48 बाय 60 इंच आहे, तिच्यात कोपरा ते कोपरा रेघ 45 अंशात येतच नाही, म्हणून शंकरपाळी. कागदातून चौरस काढताना कशी घडी घालतो, आखूड कड लांब कडेवर आणून? तसंच करा, जी मोड पडेल ती खरी तिरकी रेघ. किंवा एका कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर 48-48 इंच मोजा आणि ते दोन बिंदू जोडा. तुमच्या चौकटी फार तिरक्या वाटत नसतील तर शंकरपाळीच राहू द्या, वाईट दिसत नाही ती.

चुणीचं मात्र मनावर घ्या. मशीनचे सुईखालचे दाते फक्त खालचा पदर ओढतात, वरचा पदर फूटाखाली (म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली) अडून मागे राहतो आणि फूटाच्या पुढ्यात थोडा थोडा साचत जातो, मग आधी मारलेली टीप आली की तो जास्तीचा कपडा तिथेच अडकतो. त्यात तिरकी रेघ म्हणजे उरेब, कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी दिशा, तिथे कापड ताणलं जाणारच. हाताने वाकळ शिवताना आमच्याकडे बायका कडेने फेरे घेत मध्यात यायच्या, कारण तळहाताने फुगवटा पुढे सारत नेता येतो. मशीनवर तसं जमत नाही, तिथे मध्यातून कडेकडे जायचं. माझ्या पहिल्या वाकळीत मी एका कोपऱ्यातून सुरुवात केली होती आणि समोरच्या कोपऱ्यात दोन बोटं कापड उरलं, ते सगळं ब्लेडने उसवताना रडू आलं होतं मला.

म्हणून आधी चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला, यात कंटाळा करू नका. मग मधल्या भागातून एक रेघ या दिशेची आणि एक त्या दिशेची मारून घ्या, त्यानंतर उरलेल्या जागांचे अर्धे-अर्धे भाग करत जा, म्हणजे फुगवटा कुठे एका जागी साचत नाही. एका दिशेच्या सगळ्या रेघा एकाच कडेकडून सुरू करा, एक जाताना एक येताना असं केलं की दोन रेघांमधला कपडा पिळल्यासारखा दिसतो. टाका 3 ते 3.5 मिलिमीटर, सुई 16 नंबर. काळं मशीन असेल तर फूटाच्या दांडीवरचा दाबाचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा. वॉकिंग फूट मिळाला तर फारच उत्तम, त्याला स्वतःचे दाते असतात म्हणून वरचा पदरही बरोबरीने चालतो, फक्त तुमच्या मशीनला बसतो का ते बघून घ्या. आणि वाकळ टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, तिचं वजन टीप वाकडी करतं, डाव्या हाताला एक स्टूल लावा.

उसवायचंच तर छेदाच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन इंच टीप उसवा, कपडा तळहाताने सपाट करून टाचण्या लावा, परत मारा.

प्रश्न: रेघा आखायला इस्त्रीने उडणारं पेन चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: वाकळीवर नको. ती शाई थंडीत परत उमटू शकते आणि वाकळ तर थंडीतच बाहेर निघते. गडद साडीवर अंगाच्या साबणाची झिजलेली वडी घ्या, धुतली की गेली. फिकट साडीवर मास्किंग टेप चिकटवून तिच्या कडेने टीप मारा आणि त्याच दिवशी काढून टाका, उन्हात राहिली तर गोंद कापडाला धरतो.